पारा चढला

३ ऑगस्ट

कामगार महासंघाचा राजेंद्र आज सकाळी घरी येऊन ही डायरी देऊन गेला. निळं रेक्झिन, वर महासंघाचं नाव सोनेरी अक्षरांत. ऑगस्टात मिळालेली डायरी म्हणजे उरलेली, एवढं मला कळतं. तरी घेतली, आणि आजपासून लिहायचं ठरवलं, कारण काम तसं आलं आहे.

रासायनिक धोक्यांविषयी सगळ्या जगासाठी एक नवा कायदा जिनिव्हात व्हायचा आहे. त्याआधी प्रत्येक देशाकडे प्रश्नावली आली आहे. सरकार उत्तरं देणार, मालकांच्या संघटना देणार, कामगारांच्याही देणार. ती सगळी एकत्र छापून मसुदा तयार होणार आणि पुढच्या जूनमध्ये देशोदेशीची माणसं त्यातल्या एकेका शब्दावरून भांडणार. आपल्या कामगारांच्या उत्तराला जोडायला अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांतले जबाब हवेत. ते मराठीत घेऊन झाले आहेत. त्यांचं इंग्रजी मी करायचं.

चौतीस वर्षं कोर्टात भाषांतरकार होतो. खून, दरोडे, पोटगी, हद्दीच्या भानगडी. झालेल्या कायद्याच्या तोंडी माणसं जाताना पाहिली. होत असलेल्या कायद्यात माणसांचं बोलणं घालायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं.

शालन म्हणाली, "मग कागदाबरोबर तुम्ही पण जाणार का जिनिव्हाला? स्वेटर काढून ठेवते." तिला प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते.

मुलगा विक्रांत पहिल्या पाळीवरून आला तेव्हा त्यालाही सांगितलं. ऐकता ऐकता कप असा काही धरला की अर्धा चहा बशीत आणि अर्धा माझ्या कागदांवर. मी एवढंच म्हणालो, "बघून." त्यावर कप आपटून आत गेला. हल्ली त्याचा पारा सदा चढलेला. स्वप्नालीने मुकाट्याने फडकं आणलं. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत आणि ही पोर या घरात आवाज न करता वावरायला शिकली आहे.

९ ऑगस्ट

शेअर रिक्षाने उल्हासनगर कॅम्प तीनला गेलो. महासंघाचं ऑफिस जीन्सच्या कारखान्यावर आहे. खालून मशिनींचा घरघराट, जिन्यावर निळ्या दोऱ्यांचा कचरा. टायपिंगला कीर्ती नावाची मुलगी आहे, चुणचुणीत. मला काका म्हणते. राजेंद्रने दाल-पकवान मागवलं. त्याचा जन्म सिंधी दुकानांच्या गल्लीत गेला, त्यामुळे मराठीत बोलताना मधेच "साईं" म्हणतो.

"ओव्हाळ सर, इंग्लिश एकदम क्लीन पाहिजे," तो म्हणाला. "दिल्लीतले लोक वाचनार, मग पुढे जानार. त्यांना गाववाली भाषा नाय समजत."

कीर्तीला मी माझा जुना नियम सांगितला. कोर्टात एका नव्या भाषांतरकाराने "साक्षीदाराचा डोळा लागला" याचं इंग्रजी "साक्षीदाराच्या डोळ्याला इजा झाली" असं केलं होतं. पहारेकरी झोपला होता हा मुद्दाच बुडाला आणि त्या बिचाऱ्याच्या डोळ्याची वैद्यकीय तपासणी निघाली. तेव्हापासून माझा नियम: वाक्प्रचार दिसला की अर्थ द्यायचा, शब्द द्यायचे नाहीत. कीर्ती खूप हसली आणि नियम वहीत लिहून घेतला.

२१ ऑगस्ट

मोरिवलीचे जबाब हाती घेतले. जुन्या ट्यूबलाइटी, बल्ब, थर्मामीटर फोडून त्यातला माल वेगळा करणारी तिथे एक कंपनी आहे. विक्रांतही तिथेच आहे, स्टोअरला. बी.कॉम. झालेला मुलगा भंगाराच्या कंपनीत जातो हे मला आवडलं नव्हतं, पण दुसरीकडे कुठे लागत नव्हतं.

आज एक चूक वेळेवर पकडली. विठाबाई भोईर या बाईंचा जबाब: "आमचे मालकांना पारा चढला व्हता, मंग त्यांना कामावरून काढला." कीर्तीने कच्च्या टायपिंगमध्ये मालक म्हणजे कारखान्याचा मालक असं धरलं होतं. मी तिला समजावलं की गावाकडे बाई नवऱ्याला मालक म्हणते. कारखानदाराला कामावरून कोण काढणार? वाक्य नीट केलं: माझे पती शीघ्रकोपी झाले, त्यामुळे त्यांना कामावरून कमी करण्यात आलं. राजेंद्रने टाळी दिली. "म्हनून तर तुम्हाला बोलवला, सर."

मोरिवलीची माणसं मात्र भलतीच तापट दिसतात. सतरा जबाबांपैकी अकरांमध्ये कुणाचा ना कुणाचा पारा चढला आहे. कीर्ती म्हणाली, "काका, सगळ्यांनाच कसा काय चढतो?" मी म्हटलं, "तिथलं पाणी तसं असेल."

प्रश्न चौदा असा आहे: लेड, मर्क्युरी, कॅडमियम या धातूंमुळे कामगारांना त्रास झाल्याची प्रत्यक्ष उदाहरणं कामगारांकडून मिळाली आहेत का? मी माझ्या इंग्रजी प्रतींवरून दोनदा बोट फिरवलं. या तिन्हींपैकी एकही शब्द नाही. तसं टिपण राजेंद्रला दिलं. रागाबिगाच्या वाक्यांना कुठल्याच प्रश्नात जागा नव्हती, म्हणून ती "घरगुती बाबी" या मथळ्याखाली शेवटी टाकली.

२ सप्टेंबर

बँकेतून विक्रांतचा अर्ज परत आला. सही जुळत नाही. मॅनेजरने पुन्हा करायला लावली, ती आणखीनच वेगळी. अक्षरं वेडीवाकडी, शेवटची रेघ तर कागदाबाहेर. घरी आल्यावर मी त्याला वहीत करून दाखव म्हटलं. पेन धरलं आणि बोटं अशी थरथरली की मला पुढचं बघवेना.

माझे वडील धोंडिबा अंबरनाथला कारखान्यात लागले तेव्हा पहिल्या महिन्याला त्यांनी अंगठा उठवला होता. घरी येऊन जेवले नाहीत. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी पाटी घेऊन बसले, आणि पुढच्या दिवाळीला हजेरीवहीत सही केली. तो अंगठ्याचा कागद त्यांनी जपून ठेवला आणि मला दाखवून म्हणाले, "हा आपल्या घरातला शेवटचा." त्यांच्या नातवाला तिशीच्या आत सही येईना, यापेक्षा मला आणखी काय बघायचं आहे?

दारूच असणार. सकाळी डोळ्यांखाली सूज असते. वास येत नाही, पण काही दारवांना वास नसतो असं ऐकलं आहे. दात घासताना रक्त येतं, म्हणजे गुटखाही असेल. शालन म्हणते, तो ताटातल्या सगळ्याला पत्र्याची चव लागते म्हणतो. आईच्या हाताला नावं ठेवण्यापर्यंत मजल गेली.

१३ सप्टेंबर

जबाबांतली काही नावं तपासायला मोरिवलीला गेलो. विठाबाई अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतल्याच असतील, पण दिसत नाहीत. नवरा जनू गेल्या वर्षी गेला. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, चांगला हसरा माणूस. हा शीघ्रकोपी असेल असं वाटत नव्हतं, पण फोटोत सगळेच हसतात.

नाव, वय, पत्ता बरोबर करून उठलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, तो विक्रांत तुमचाच पोर ना?"

"हो. का?"

"त्याला सांभाला. त्याला पन पारा चढाय लागलाय. आमचे मालकांचा असाच चालू झालेला. घरात ठेवा त्याला, शेडमदी नका धाडू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलाचा तापट स्वभाव आता मोरिवलीच्या अंगणात चर्चेला आला! मी म्हटलं, "घरचं आम्ही घरात बघू, बाई," आणि निघालो. मागून त्या आणखी काही म्हणत होत्या, मी वळून पाहिलं नाही. परतताना रिक्षात लाज वाटत होती, त्यांच्याशी तसं बोलल्याची आणि मुलाचीही.

१४ ऑक्टोबर

हे लिहायला नको वाटतं, पण खरं लिहायचं ठरवलं आहे.

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. वंदनेच्या वेळी विक्रांतच्या हातातली मेणबत्ती इतकी हलत होती की दोनदा विझली. शेजारच्या बाईंनी तिसऱ्यांदा पेटवून दिली आणि माझ्याकडे पाहिलं. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, मद्यापासून दूर राहण्याच्या त्या ओळीला, मी त्याचं तोंड बघत होतो. त्याने ती म्हटली. मला ते खोटं सहन झालं नाही.

घरी आल्यावर बाबासाहेबांच्या फोटोपुढे त्याला उभं केलं आणि म्हटलं, "इथे पुन्हा म्हण."

"बाबा, मी पीत नाही."

"हात बघ स्वतःचे."

"माहीत नाय काय होतंय हातांना. कसम से, मी पीत नाही. कंपनीत सगळ्यांनाच..."

"कंपनीतले सगळेच पितात, हे कारण झालं?"

मग तो ओरडला. इतक्या वर्षांत माझ्यावर असा कधी ओरडला नव्हता. पाण्याचा तांब्या भिंतीवर गेला, स्वप्नालीच्या कानाजवळून. ती किंचाळलीसुद्धा नाही. मी म्हणालो, "या घरात हे चालणार नाही. आधी ती बाटली सोड, मग उंबरा चढ." शालन मधे पडली, तिलाही मी गप्प केलं.

त्याने बॅग भरली. कंपनीच्या शेडमागे एक खोली आहे, तिथे राहतो म्हणाला. मी म्हटलं, राहा.

१९ ऑक्टोबर

स्वप्नाली बदलापूरला माहेरी गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाबा, ते खरंच पीत नाहीत. मला कळलं असतं ना?" बायका नवऱ्यांना पाठीशी घालतात, हे कोर्टात फार पाहिलं आहे.

शालन माझ्याशी कामापुरतं बोलते. मी जास्त बोललो का? बोललो असेन. पण वडिलांनी माझ्या बाबतीत असंच केलं असतं.

४ नोव्हेंबर

काम पूर्ण झालं. एकशे बारा पानं. राजेंद्रने पेढे वाटले. दिल्लीहून फोनवर कुणी साहेब म्हणाले, इतकं स्वच्छ इंग्रजी दुसऱ्या कुठल्याच विभागातून आलं नाही. आज फार दिवसांनी बरं वाटलं. विक्रांतला फोन करावा असं मनात आलं. केला नाही.

२७ नोव्हेंबर

कामगारांच्या बाजूचं एकत्रित उत्तर छापून आलं. प्रश्न चौदाखाली आमच्या पट्ट्यापुढे एकच ओळ आहे: मर्क्युरीमुळे त्रास झाल्याचं एकही उदाहरण कामगारांनी सांगितलेलं नाही. खाली आधार म्हणून माझ्या टिपणाचा क्रमांक. म्हणजे देशाच्या उत्तरात माझंही एक वाक्य गेलं. शालनला दाखवलं. तिने वाचून कागद घडी करून परत दिला.

ती दर रविवारी डबा घेऊन मोरिवलीला जाते, हे मला माहीत आहे. ती सांगत नाही, मी विचारत नाही. काल आल्यावर एवढंच म्हणाली, "तोंड सुजलंय त्याचं. पाय चपलेत जात नाही." मी म्हटलं, दारू सोडली की उतरेल सूज.

११ डिसेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

महासंघाला दप्तरासाठी इंग्रजी प्रतींवर जबाब देणाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या. मी म्हटलं, सही घ्यायची तर आधी जबाब वाचून दाखवला पाहिजे. कोर्टात प्रत्येक जबाबाखाली ते वाक्य असतं: माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. हजारो जबाबांखाली मी ते लिहिलं आहे. इंग्रजी त्यांना कळणार नाही, म्हणून माझंच इंग्रजी परत मराठीत करून सांगायचं ठरवलं. सुरुवात विठाबाईंपासून केली.

मी वाचत गेलो, "माझे पती हळूहळू शीघ्रकोपी झाले..."

"मंजे काय, मास्तर?"

"तापट. रागीट."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "कोन तापट? आमचे मालक? पंचवीस वर्सांत त्यांनी माझ्यावर आवाज नाय काढला."

"तुम्हीच सांगितलंत, पारा चढला म्हणून."

"हां, मंग! पारा. ट्यूबमदला पारा वो. शेडमदी आम्ही तसाच बोलतो, याला पारा चढला, त्याला पारा चढला. आधी हात कापतात. मंग हिरड्यांतून रगत येतं, जेवन पत्र्यासारखा लागतं. मंग मानूस येड्यासारखा वरडाय लागतो, त्याचा त्यालाच कलत नाय. मागनं तोंड सुजतं, लघवी बंद होते." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "तुम्हाला सांगितला व्हता ना मी. तुमच्या पोराचा."

मी कागद पिशवीत कोंबले. त्यांनी पाणी दिलं. आत्ता ही डायरी उलटी चाळली, तर एकवीस ऑगस्टच्या पानावर मी मर्क्युरी असं लिहिलं आहे आणि त्याच पानावर चार ओळी वर पारा. दोन्ही माझ्याच अक्षरात. मला मराठी येतं, इंग्रजी येतं. मधल्या चार ओळी मी ओलांडल्या नाहीत.

विठाबाईंकडून तसाच कंपनीवर गेलो. वॉचमन अडवत होता, त्याला बाजूला सारलं. शेडमागची खोली म्हणजे फुटलेल्या काचांच्या पोत्यांना लागून एक आडोसा. खाली गादी. फरशीच्या फटींत चकचकीत थेंब बसले होते. लहानपणी शाळेत थर्मामीटर फुटला की आम्ही तसले थेंब बोटाने पळवत खेळायचो. पंखा लावला होता आणि खिडकी बंद होती. दोन महिने माझा मुलगा त्यात झोपला, कारण मी म्हटलं होतं, राहा.

तो भिंतीला टेकून बसला होता. चेहरा इतका सुजला होता की डोळे बारीक झाले होते. मला बघून उठायला गेला आणि जमलं नाही.

"बाबा, मी प्यायलेलो नाही," तो म्हणाला. मी त्याच्या काखेत हात घातला. त्याला उठवलं, रिक्षा केली.

१६ डिसेंबर

हॉस्पिटल. लघवीतला पारा किती असावा आणि किती आहे, हे डॉक्टरीण बाईंनी कागदावर लिहून दाखवलं. मी त्यांना दोनदा आकडा वाचायला लावला. किडन्यांना मार बसला आहे. पारा उतरवायचं औषध देत आहेत, पण किडन्या जपून द्यावं लागतं. हाताचा कंप थोडा कमी होईल, पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. किडन्यांविषयी त्या काहीच बोलायला तयार नाहीत.

"किती दिवस एक्स्पोजर होतं? कामाचे तास सोडून?"

मी सांगितलं की तो तिथेच राहत होता.

"तिथे? झोपायला? का?"

मी सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या, मग पुन्हा लिहू लागल्या. शालन बाजूलाच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

स्वप्नाली बदलापूरहून आली आहे. ती त्याला चमच्याने भरवते. तो चिडला की गप्प बसते, निवळला की पुन्हा चमचा पुढे करते. स्टोअर वगैरे काही नव्हतं, तिनेच सांगितलं. पहिल्या दिवसापासून तो ट्यूबा फोडायच्या शेडमध्ये होता. बी.कॉम.ला तिथे लावलंय हे बाबांना कळायला नको, असं त्याने तिला बजावलं होतं.

६ जानेवारी

कॅम्प तीनला गेलो. राजेंद्रला सगळं सांगितलं. सतरापैकी अकरा जबाब चुकीचे आहेत आणि चूक माझी आहे, तसं लेखी दिलं. कीर्ती रडायला लागली. "काका, मी विचारलं होतं, पण मलाच वाटलं मी येडपट," ती म्हणाली. तिच्या वहीत माझा नियम अजून आहे. मी तिला तो खोडायला सांगितला.

राजेंद्रने दिल्लीला फोन लावला. स्पीकरवरच ठेवला. तिकडचे साहेब सभ्य होते. म्हणाले, उत्तरांची मुदत संपली, छापील उत्तर आता बदलता येत नाही. देशाच्या सरकारनेही प्रश्न चौदाला आपल्या उत्तरात कामगारांच्याच उत्तराचा हवाला दिला आहे. मर्क्युरीवरचं कलम बहुतेक देशांनी उदाहरणं नाहीत म्हटल्यामुळे मसुद्यात ऐच्छिक झालं आहे. "सदस्य देश करतील" असं होतं, तिथे आता "सदस्य देश करू शकतील" असं येईल.

मी विचारलं, काहीच करता येत नाही का?

"जूनमध्ये समितीत आपला कामगार प्रतिनिधी दुरुस्ती मांडू शकतो. पण हातात काहीतरी पाहिजे. जिवंत कामगाराचा जबाब, त्याने सही केलेला, सोबत मेडिकल रिपोर्ट. मेलेल्यांच्या बायकांचं ऐकीव धरतात."

राजेंद्रने फोन ठेवला. "सर, बाकीचे नाय देनार जबाब. कंपनीने सगळ्यांना दम दिलाय. एक तुमचाच विक्रांत आहे."

१८ जानेवारी

विक्रांतचा जबाब आज सकाळी घेतला. आठवड्यातून दोनदा आता डायलिसिसच्या मशीनवर नेतात, आज ती पाळी नव्हती, म्हणून त्याला बोलायला ताकद होती.

मी कोर्टात घेत असे तसा जबाब घेतला. तो बोलेल तसं लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तो मधेच थांबायचा, मधेच हिंदीत जायचा, एकदा चिडून म्हणाला, "कितने बार वही वही बोलू?" तेही लिहिलं. मग तिथेच पलंगाशेजारी बसून इंग्रजी केलं. पारा हा शब्द इंग्रजीतही पाराच ठेवला, आणि खाली लिहिलं: मर्क्युरी. या शेडमध्ये हा शब्द आजाराचं नाव म्हणून वापरतात. मग नियमाप्रमाणे उलटा वाचून दाखवला.

त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"एक राहिलं. मी पीत नव्हतो, ते टाका."

जिनिव्हाला त्याचा काही उपयोग नाही. समितीतले लोक म्हणतील, हे इथे कशाला. माझा जुना हात असता तर घरगुती बाबी म्हणून बाजूला काढलं असतं. मी लिहिलं: मी दारू पीत नव्हतो. माझ्या वडिलांना तसं वाटलं. हे दुसरं वाक्य त्याने सांगितलं नव्हतं, मी घातलं. तेही वाचून दाखवलं. त्याने पेनासाठी हात पुढे केला.

मग सही. स्वप्नालीने कागदाखाली पुठ्ठा धरला, मी पेन दिलं. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर नुसत्या रेघा उठल्या. तिसऱ्या वेळी पेन पलंगाखाली गेलं आणि तो तोंड फिरवून रडायला लागला. "सही येते मला, बाबा. येते मला सही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

कोर्टातलं जांभळ्या शाईचं पॅड मी पिशवीत नेलं होतं. नेताना शालनने पाहिलं होतं. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मी त्याचा अंगठा शाईवर ठेवला आणि मग कागदावर, वडिलांचा ठेवला असेल तसा, डावीकडून उजवीकडे. हलला, म्हणून कडा थोडी पुसट आली आहे. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं: वाचून दाखवला, बरोबर आहे. अंगठा विक्रांत नरेंद्र ओव्हाळ याचा.